टेपा, दगा, पुसी लेजो

१० जानेवारी १९६८, बुधवार

आधी एक चूक दुरुस्त करते. भाऊ गेला त्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिले आहे, “भाऊ म्हणाला, टेपा दगाकडून पुसून टाक.” तो असे म्हणाला नव्हता. आज ती नोंद पुन्हा वाचली तेव्हा कळले की ते वाक्य त्याचे नाही, माझे आहे. त्याला त्या दुपारी एका दमात वाक्य पुरे करता येत नव्हते. तो म्हणाला, “टेपा...” मग पाणी मागितले, ते प्यायला नाही. मग “दगा...” म्हणाला. मग माझे मनगट धरले आणि म्हणाला, “पुसी लेजो.” त्यानंतर तो बोलला नाही.

“टाक” हा शब्द त्यात नव्हता. “कडून” हा प्रत्ययही नव्हता. मी लिहिता लिहिता शुद्ध केले. अप्पांनी आम्हा दोघा लेकरांच्या हाताला तसे वळणच लावले आहे. घरात काहीही बोला, वहीत शुद्ध उतरले पाहिजे. अर्थ तोच राहतो. तरी मरणाऱ्या माणसाचे शब्द बदलायचा मला अधिकार नव्हता, म्हणून इथे जसेच्या तसे लिहून ठेवते. टेपा, दगा, पुसी लेजो.

दोन महिने होत आले आणि मी अजून त्या पुसलेल्या नाहीत.

११ जानेवारी

काल जे लिहिले ते अर्धवट वाटते. पुढे माझ्याच स्मरणावर माझा विश्वास राहणार नाही, म्हणून सगळे लिहिते.

भाऊ सुरतेला गिरणीत दोन वर्षे होता. तिथून विजेवर वाजणारी गिटार घेऊन परत आला. अप्पांनी विचारले, हे काय आणलेस. तो म्हणाला, पगार. शहाद्याच्या दगादादाचा लाउडस्पीकरचा धंदा. त्याच्याकडे ॲम्प्लिफायर आणि टेपचे मशीन, शिवाय तो सनईसारखी क्लॅरिनेट वाजवायचा. सुपडू आमच्याच गल्लीतला, ढोल वाजवणारा. तिघांनी मिळून पार्टी काढली आणि सुपडूच्या ड्रमवर पेंटरकडून नाव घातले, “तापी बीट पार्टी, प्रकाशा”. रेडिओवर इंग्रजी गाणी लागत, तसा ठेका धरून ही मंडळी आमच्या लग्नातली गाणी वाजवत.

पहिले लग्न लोणखेड्याचे. गिटारचा पहिला सूर निघाला आणि नवरदेवाचे घोडे उधळले. मुलीचा मामा धावत आला आणि म्हणाला, “हाई वाजाडनं शे का करंट लागना?” सुपडू म्हणाला, “मामा, करंटच शे. हात लावू नका.” पुढे वर्षभर सुपडूला सगळे करंटच म्हणत.

लग्नात वाजवायची गाणी दोन टेपांवर आहेत, त्या दगादादाकडे. माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उरलेल्या टेपा आहेत. मे महिन्यात सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद असते, तेव्हा कापसाच्या रिकाम्या शेडमध्ये ते सराव करत आणि मशीन चालूच ठेवत. अर्धी गाणी, मोडलेली गाणी, मधली भांडणे, हसणे. जे कोणाला ऐकवायचे नव्हते ते सगळे. भाऊ त्यांना “उरेल-सुरेल” म्हणायचा. आजारी पडल्यावर त्याने तो डबा खाटेखाली आणून ठेवला. मशीन मात्र दगादादाकडे राहिले. म्हणून डबा माझ्याजवळ असून मला तो ऐकता येत नाही आणि पुसताही येत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सुतक संपले तरी यंदा आमच्याकडे सण नाही. शेजारच्या जमनाबाईंनी तीळ आणून दिले. मायने ते डब्यात तसेच ठेवले.

दुपारी अप्पांनी भाऊची खाट बाहेर काढली आणि खालच्या वस्तू पाहिल्या. टेपांचा डबा कुठे आहे म्हणाले. मी गप्प राहिले. ते म्हणाले, त्या शेडमधल्या धुळीने आणि जागरणांनी पोराची छाती गेली, ती बला तापीत टाकून ये. दगाचे नाव या घरात घ्यायचे नाही, हे त्यांनी तेराव्यालाच सांगितले आहे. दगादादा त्या दिवशी दारापर्यंत आला होता. अप्पांनी त्याला ओसरीवरही चढू दिले नाही.

मी डबा सरकीच्या ढिगात पुरला आहे. हे खोटे बोलणे नाही. मला कोणी विचारले, तर मी सांगेन. पण विचारले तेव्हा गप्प राहिले, हेही खरे.

१९ जानेवारी

जमनाबाईंची नात अप्पांकडे शिकायला येते. अप्पांनी मलाही सातवीपर्यंत घरीच शिकवले. भाऊला आणि मला याच ओसरीवर, एकाच पाटीवर. आज त्या पोरीने निबंधात लिहिले, “मी आईला पुसले, जत्रेला जाऊ का?” अप्पांनी लाल पेन्सिल उचलली. मी आतून ऐकत होते. पुढे काय येणार ते मला पाठ होते. “पुसायचा तो फळा. माणसाला विचारायचे असते.” हेच वाक्य भाऊने किती वेळा ऐकले असेल. तो हट्टाने “मास्तरांना पुसले”, “काकाला पुसले” असेच लिहायचा आणि पट्ट्या खायचा. माय, जमनाबाई, सगळा गाव तसेच बोलतो, मग मीच का बदलू, म्हणायचा. मला एकदाच मार बसला. तेव्हापासून पुसणे म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे ओले फडके येते, दुसरे काही येतच नाही.

आज अप्पांनी ते वाक्य म्हटले नाही. पेन्सिल पोरीच्या वहीवर तशीच धरून बसले, मग उठून केळीच्या मळ्याकडे गेले. पोरीने मला विचारले, माझे काय चुकले? मी तिला शब्द दुरुस्त करून दिला.

२७ जानेवारी, शनिवार

आज खात्री झाली. इतके दिवस मी मनाशी म्हणत होते की कदाचित मला नीट ऐकू आले नसेल. आता तीही पळवाट राहिली नाही.

माय चष्म्याची काडी बसवायला शहाद्याला गेली होती. बसथांब्यावर दगादादा भेटला. अप्पांना न सांगण्याच्या अटीवर तिने मला त्याचा निरोप सांगितला. मायला दोनदा बोलायला लावून मी तो जसाच्या तसा लिहून घेते. तो म्हणाला, “छगन माले सांगी गया, मन्ही भैन येई पुसाले. मी वाट दखी ऱ्हायनू. ती येवापावोत मी सोताहून काही मांगाव नही.”

म्हणजे भाऊने त्यालाही सांगून ठेवले होते. बहीण पुसायला येईल, ती येईपर्यंत तो स्वतःहून काही मागणार नाही. त्याने मशीन तयार ठेवले असेल आणि मी येत नाही म्हणून मला काय म्हणत असेल!

मायने आणखी एक गोष्ट सांगितली, ती तिला नीट समजलेली नव्हती. मुंबईचा कोणी रेकॉर्डवाला माणूस आहे. सुरतेकडच्या एका लग्नात त्याने या तिघांचे वाजवणे ऐकले होते. तो चोवीस फेब्रुवारीला शहाद्याला दगादादाच्या दुकानात येणार आहे. लग्नातली गाणी त्याला नकोत. कोणी ऐकले नाही असे जे असेल, ते त्याला हवे आहे.

भाऊला हे ठाऊक असणार. परका माणूस येईल, ते मोडके, खोकलेले सगळे ऐकेल आणि चार ठिकाणी वाजवील. म्हणूनच तो शेवटचा श्वास त्या एका कामावर घालवून गेला.

मी मायला विचारले, “तुले चाली का? तुले वाईट नही वाटाव?”

माय तांदूळ निवडत होती. म्हणाली, “माले कसाले वाईट वाटी? तो सांगी गया ना? मंग जाय. एकदाव पुसी ले. तुन्हं मन मोकळं व्हई.”

किती शांतपणे म्हणाली. भाऊचा आवाज या जगात त्या डब्यापुरता उरला आहे आणि त्याची आई मला पुसून ये म्हणते, कारण तो सांगून गेला. माझ्यात तिच्या पासंगाएवढेही बळ नाही. मी मागच्या दारी जाऊन रडले.

३ फेब्रुवारी

डब्यात काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण मी शेडमध्ये जेवण घेऊन जायची. त्यातल्या दोन जागा लिहून ठेवते. उद्या पुसल्यावर त्या कुठेच नसतील.

एक. मे महिन्यातला रविवार. अप्पा शेडमध्ये आले तेव्हा मशीन चालू होते. ते म्हणाले, “बंद कर हे.” भाऊने बंद केले नाही. अप्पा बोलत राहिले, की शिकून सवरून शेवटी वाजंत्री झाला, समाजात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. भाऊ एक शब्द बोलला नाही. अप्पा निघून गेले. पत्र्याचे दार आपटले, त्याचा आवाज शेडभर घुमला. तो घुमारा पुरा विरायच्या आत भाऊने त्याच सुरावर गिटारची तार छेडली. मग दगादादाने क्लॅरिनेट उचलली. सुपडू कितीतरी वेळ वाजवायचाच विसरला. तसे ते तिघे पुन्हा कधी वाजवू शकले नाहीत. भाऊ म्हणायचा, ते दार पुन्हा कोण आपटून देणार.

दोन. मी. मायचे जात्यावरचे गाणे मी गुणगुणत होते आणि भाऊने मला न सांगता माईक माझ्याकडे वळवला. कळल्यावर मी थांबले. तो म्हणाला, “थांबू नको, धनू. दळी ऱ्हायनी असं समज.” मी भिंतीकडे तोंड करून गायले. त्याने खाली गिटारचे दोनच सूर धरले, पुढे-मागे, जाते फिरावे तसे. गाणे संपल्यावर तो खोकला. तो खोकला तेव्हा साधाच वाटला होता.

अप्पांचा राग पुसावा, असे त्याला वाटले असेल. अप्पांना तो कधी उलटून बोलला नाही. आणि माझ्यासाठी तर त्याला वाटलेच असेल. लग्नाच्या मुलीचा आवाज परक्याच्या हातात नको. म्हणजे भाऊचे सगळे वाजवणे माझ्या त्या एका गाण्यापायी पुसले जाणार. मी भिंतीकडे तोंड करून गप्प बसले असते तर कदाचित बाकीच्या टेपा वाचल्या असत्या.

५ फेब्रुवारी

फक्त माझे गाणे पुसले तर चालेल का? तो “टेपा” म्हणाला. एक टेप म्हणाला नाही.

८ फेब्रुवारी

कापूस वेचणीच्या बाया आल्या होत्या. त्यांच्यातली रूपलीबाई, तळोद्याकडची, वेचता वेचता गात होती. मी ऐकत उभी राहिले आणि मनात आले की हे भाऊने टेप केले असते. मग आठवले.

मला त्या टेपा हव्या आहेत. हे इथे स्पष्ट लिहिते. एकदा मशीनवर लावून त्याने “दळी ऱ्हायनी असं समज” म्हटलेले ऐकावे, मग मला काही नको. आणि मला हवे आहे म्हणूनच माझ्या विचारांवर माझा विश्वास नाही. न पुसण्याची जी जी कारणे सुचतात ती माझ्याच लोभातून येतात. कर्तव्य असते ते असेच नको-नकोसे वाटणारे असते, असे अप्पांनी शिकवले आहे. हे मला इतके नको आहे, म्हणजे हेच कर्तव्य असले पाहिजे.

चुलीत घालावा का डबा? एका क्षणात होईल. पण तो जाळ म्हणाला नाही. पुसी लेजो म्हणाला. त्याच्या शब्दाबाहेर जायचे नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

अप्पांना माहीत होते. आज सकाळी सरकी काढायला ते स्वतः गेले आणि रिकाम्या हाताने माझ्याकडे आले.

“डबा तिथेच आहे,” म्हणाले. “मी हलवला नाही.”

मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. त्यांनी विचारले, “त्यात माझा आवाज आहे का?”

मी म्हणाले, आहे.

“काय म्हणतो मी?”

“बंद कर म्हणता.”

ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले. म्हणाले, “आणि तो?”

“तो काही म्हणत नाही, अप्पा. तुम्ही गेल्यावर वाजवतो.”

मला वाटले होते की ते रागावतील. त्यांनी फक्त विचारले की ते वाजवणे कसे आहे. मी सांगितले, त्याच्या सगळ्यांत चांगले. या दोन-तीन महिन्यांत मी त्यांना इतके म्हातारे पाहिले नव्हते. मग त्यांनी विचारले, “तुला शेवटी तो काही सांगत होता. तुझी आई म्हणाली. काय सांगितले?”

अप्पांशी मी जन्मात घरच्या बोलीत बोललेले नाही. जीभच वळत नाही. मी म्हणाले, “त्याने टेपा पुसून टाकण्यास सांगितले.”

अप्पांनी मान खाली घातली. “असेच म्हणाला?”

“होय.”

“मग पूस,” ते म्हणाले. “मी त्याचे एकही ऐकले नाही. हे एक तरी या घरात ऐकले जाऊ दे. दगाकडे जायला माझी ना नाही.”

ते उठून गेले. गेल्यावर माझ्या लक्षात आले की दहा जानेवारीला दुरुस्त केलेली चूक मी पुन्हा केली. त्यांनी शब्द विचारले आणि मी माझे वाक्य सांगितले. मागे धावून खरे शब्द सांगावे असे वाटले. पण अप्पांपुढे “पुसी लेजो” म्हणायचे, त्या लाल पेन्सिलीपुढे, आणि तेही भाऊचे शेवटचे शब्द. माझ्याने झाले नाही. अर्थ तोच आहे, अशी मनाची समजूत घातली. तरी दिवसभर काहीतरी टोचत राहिले.

१७ फेब्रुवारी

सरकीतून डबा काढला, पुसून स्वच्छ केला. आत तपकिरी फिती गुंडाळलेल्या, कोणत्याच चक्रीवर नाव नाही. एक कानाला लावली. वेडेपणा आहे. हलवल्यावर पत्र्याशी घासल्याचा बारीक आवाज येतो, बस्स.

सुपडू रस्त्यात भेटला. त्याचा ड्रम आता भजनी मंडळाने नेला आहे. म्हणाला, “धनूताई, शनिवारना दिन तू येशी का आयकाले?” मी तशीच पुढे गेले. त्याला काय सांगू? तो शनिवारी धुतलेला सदरा घालून दुकानात येईल, मुंबईच्या माणसापुढे बसेल आणि मशीनमधून काहीही येणार नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

ठरले. यापुढे टाळले तर शनिवार येईल, तो माणूस येईल आणि भाऊचा शब्द माझ्यामुळे मोडेल. आजच गेले असते, पण माय म्हणाली, केळीचे माप आहे, गुरुवारी जा.

मायने भाकरी बांधून देते म्हटले आहे. ती मला विचित्र वाटते, आज सकाळपासून तिचा चेहरा हलका झाला आहे. मी जाते म्हटल्यावर म्हणाली, “बरं व्हयनं. पुसी येशी तं माले बी सांगजो, दगा काय म्हनस ते.” तो काय म्हणणार आहे? मशीन फिरवील आणि झाले म्हणेल. मी तिला सांगते म्हणाले.

दगादादाच्या दुकानात काय बोलायचे हाच प्रश्न होता. त्याच्यापुढे मी भाऊनंतर कधी उभी राहिलेली नाही, आणि दोन वाक्यांच्या पुढे गेले तर रडू येईल हे निश्चित. मनात वाक्ये जुळवून पाहिली. “दिवंगत बंधूंच्या इच्छेनुसार” म्हणून पाहिले, ते अप्पांचे झाले. “टेपा पुसून टाकायच्या आहेत” म्हणून पाहिले. ते पुन्हा माझेच झाले. एकदा वहीत बदलले, एकदा अप्पांपुढे बदलले. आता तिसऱ्यांदा त्याचा शब्द मी बदलणार नाही. मला काय वाटते, तो असे का म्हणाला, हे काही सांगायचे नाही. डबा काउंटरवर ठेवायचा, आणि भाऊच्याच बोलीत, भाऊचाच शब्द तेवढा त्याला द्यायचा.

“दगादादा, मी पुसाले येल शे.”

एवढेच. मग तो काय करील ते भिंतीकडे तोंड करून सोसायचे.

गुरुवार, २२ फेब्रुवारी, सकाळची शहाद्याची बस.